बर्फ पाहिजे, शनिवारपर्यंत

अमेरिकेतल्या बफलो शहराच्या पूर्वेला वेस्ट कॉर्बिन नावाचं गाव आहे. नावात वेस्ट असून गाव पूर्वेला का, हे तिथे कुणाला विचारायचं नाही. कुणालाच ते माहीत नाही, आणि विचारलं की लोक चिडतात. या गावात नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत बर्फाला तोटा नसतो. सरोवरावरून वारा सुटला की मोटारी गाडल्या जातात, टपालपेट्या दिसेनाशा होतात, आणि सकाळी दार उघडलं तर समोर दुसरं पांढरं दार उभं असतं. इथल्या माणसाला बर्फाचं कौतुक नाही. नको असलेल्या पाहुण्यासारखा तो येतो आणि मुक्काम ठोकतो. आपण फक्त तो जायची वाट बघायची.

आणि अशा गावात, मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, रेनाटा पावलाक नावाची बावन्न वर्षांची बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून बर्फासाठी रडकुंडीला आली होती.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारचे क्रूपा अर्ध्या चड्डीवर मोटार धूत होते.

रेनाटा दिवसा दाताच्या दवाखान्यात रोग्यांच्या वेळा लावून द्यायची आणि उरलेल्या वेळात चित्रपट काढायची. स्वतंत्र दिग्दर्शक म्हणतात तशी ती होती. स्वतंत्र म्हणजे आपल्याला कुणी अडवत नाही, आणि कुणी विचारतही नाही. तिचा पहिला चित्रपट एका बस ड्रायव्हरवर होता. तो गावच्या वाचनालयाच्या तळघरात दाखवला, आणि ड्रायव्हर निवृत्त व्हायच्या आत प्रोजेक्टरचा दिवा गेला. दुसरा एका महोत्सवात लागला. त्याला नऊ प्रेक्षक होते, त्यांतले चार पुढच्या खेळासाठी जागा धरून बसले होते. उरलेल्या पाचांत एक तिचा नवरा ग्लेन. तो सुताराचं काम शाळेत शिकवतो आणि अंधार झाला की झोपतो.

तिसरा चित्रपट मात्र जमला होता. एका म्हाताऱ्या विधवेची गोष्ट. राहतं घर सोडून ती लेकीकडे जायला निघते, त्या शेवटच्या हिवाळ्याची. नायिका म्हणून रेनाटाने समोरच्या घरातली जेनीमावशी घेतली. जेनीमावशी म्हणजे मिसेस जेनेव्हीव्ह कोलेंडा, वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं बेकरीत पाव विकलेली बाई. रेनाटाने पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, मला अभिनय कुठला यायला? हां, चाळीस वर्षं आठवड्याचे सहा दिवस लोकांना 'कसे आहात' म्हणून हसून विचारलंय आणि उत्तर ऐकलंय. त्याला तू काय म्हणशील ते म्हण."

कॅमेऱ्यासमोर तिने नुसता चहा ढवळला तरी बघणाऱ्याच्या हातातला चहा निवायचा. क्लीव्हलंडच्या बाजूला एक छोटा पण मानाचा महोत्सव भरतो. तिथल्या निवड समितीच्या बाईंनी अपुरा चित्रपट बघितला आणि ईमेल पाठवली. 'आम्हाला फार आवडला. शेवटचा प्रसंग वीस तारखेच्या आत आला, तर जरूर घेऊ.' रेनाटाने ती ईमेल अकरा वेळा आनंदाने वाचली. बाराव्या वेळी तिला त्यातला 'तर' दिसला, आणि तिने ॲसिडिटीची पहिली गोळी घेतली.

शेवटचा प्रसंग साधा होता. गुडघाभर बर्फ. म्हातारी दाराला कुलूप लावते, बॅग उचलते आणि एकटीच गल्लीच्या वळणाकडे चालत जाते. मागे पांढऱ्या रस्त्यावर तिची पावलं तेवढी उरतात. बाकी सगळा चित्रपट जानेवारीत पोटभर बर्फात काढून झाला होता. हाच प्रसंग राहिला, कारण ठरल्या दिवशी जेनीमावशीला सर्दी झाली. पुढच्या वेळी तिचा गुडघा धरला. त्याच्या पुढच्या वेळी तिच्या नवऱ्याची पुण्यतिथी निघाली. ती सप्टेंबरात असते अशी रेनाटाची समजूत होती, पण विधवेशी तारखेवरून वाद कसा घालायचा? मग फेब्रुवारीत बर्फ वितळला. "परत पडेल की," असं ग्लेन म्हणाला. ग्लेन सगळ्याच बाबतीत असं म्हणतो.

तो पडला नाही. आणि शनिवारी पट्रीशिया येणार होती.

पट्रीशिया म्हणजे जेनीमावशीची मुलगी. राहायला ॲरिझोनात, टूसॉनला. बँकेत नोकरी, आणि काम काय, तर बाकीचे लोक नियमानं वागतात की नाही ते बघायचं. जानेवारीतच ती आईला कायमची घेऊन जायला आली होती. आईने तिच्यापुढे करारपत्र ठेवलं. रेनाटाने दिग्दर्शकाच्या थाटात ते स्वतः तयार केलं होतं: 'चित्रीकरण पूर्ण होईपर्यंत अभिनेत्रीने गाव सोडू नये.' पट्रीशियाने ते दोनदा वाचलं. सही केलेल्या कागदाला वळसा घालून जाणं तिच्या रक्तातच नव्हतं. "ठीक आहे," ती म्हणाली. "चित्रीकरण पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर एक दिवस नाही." आणि महोत्सवाची ईमेल आल्याच्या भरात रेनाटाने तिला फोनवर सांगून टाकलं होतं, की चौदा तारखेच्या शनिवारी सगळं संपवते. पट्रीशियाने रविवारची दोन तिकिटं काढली.

म्हणजे शनिवारी बर्फ पाहिजे. नाहीतर रविवारी नायिका वाळवंटात.

ही बातमी मिल स्ट्रीटवर पसरायला मंगळवारची दुपार पुरली. आपल्याला एखादी अडचण आली की ती सोडवणं शेजाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त आवडतं. पहिल्या आल्या बॅनसबाई. त्यांच्या मावसबहिणीच्या जावयाने म्हणे एका नाटकाला बटाट्याच्या भुग्याचा बर्फ केला होता. तोच भुगा, डब्यात मिळतो तो, गरम पाण्यात कालवला की कुस्करलेला बटाटा तयार होतो. "हुबेहूब!" बॅनसबाई म्हणाल्या. "मी पहिल्या रांगेत होते. मला तर हुडहुडी भरली."

बुधवारी दवाखान्यातून आल्यावर रेनाटाने आपल्याच अंगणात करून पाहिलं. बारा डबे रिकामे केले. दुरून खरंच बरं दिसत होतं. ती रस्त्यापलीकडे जाऊन एक डोळा मिटून बघत होती, तेवढ्यात पहिला सीगल उतरला. त्याने एक चोच मारली, मान वर केली आणि असा काही ओरडला की सुपरमार्केटच्या आवारातले त्याचे सगळे नातेवाईक निघाले. पाच मिनिटांत अंगणात दोनशे पक्षी. क्रूपांच्या कुत्र्याने त्यांच्यात शिरून आपला वाटा घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो क्रूपांच्या गालिच्यावर परत केला. वर पावसाची बारीक सर आली. उरला होता त्या भुग्याचं व्हायचं तेच झालं. ग्लेन शाळेतून आला तो पायरीवरून घसरला, आणि बसल्या जागी बोट लावून चाटून म्हणाला, "मीठ हवं होतं."

रेनाटाने दुसरी गोळी घेतली.

क्रूपा गालिच्याचा हिशेब मागायला आले असतील असं तिला वाटलं, पण ते निवृत्त बस ड्रायव्हर आणि मनाने मोठे. (पहिल्या चित्रपटातला ड्रायव्हर तेच. आपण निवृत्त कसे झालो हे त्यांना अजून बघायला मिळालेलं नाही.) "रेनाटा," ते म्हणाले, "खोटं कशाला? खरा बर्फ आहे की. माझा मेहुणा आइस हॉकीच्या मैदानावर बर्फ तासायची गाडी चालवतो. तासलेला सगळा चुरा मागच्या बाजूला टाकतात. डोंगर झालाय. किती पाहिजे तेवढा उचल."

"पण तो आणून रस्त्यावर टाकायचा म्हणजे…"

"म्हणजे काय? टाकायचा!"

क्रूपांसारख्या माणसांना झोप चांगली लागते. रेनाटाच्या डोळ्यांपुढे मात्र घसरून पडलेला टपालवाला, त्याचा वकील, पोलीस, आणि पेपरात आपला दाताच्या दवाखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो, असं सगळं क्रमाने येऊन गेलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती नगरपालिकेत परवानगी काढायला गेली.

खिडकीमागे टिबेट्सबाई होत्या. त्यांनी वर न बघताच विचारलं, "काय?"

"रस्त्यावरच्या बर्फाबद्दल…"

"बर्फ काढायच्या तक्रारीचा फोन वेगळा."

"काढायचा नाही. टाकायचाय."

आता टिबेट्सबाईंनी वर बघितलं. "टाकायचाय. कुठे?"

"मिल स्ट्रीटवर."

"कुणाच्या मालकीचा?"

"बर्फ?"

"रस्ता, बाई. रस्ता गावाचा आहे. बर्फ पडला की तोही गावाचा. पडायच्या आधी कुणाचा, ते मला बघावं लागेल."

त्यांनी एक जाडजूड वही काढली. रस्त्यावर काही ठेवायचं तर विटा-वाळूचा फॉर्म होता, कचऱ्याच्या पेटीचा होता, तोडलेल्या फांद्यांचा होता. बर्फाचा नव्हता. बर्फ हा 'पदार्थ' धरावा का? "टिकाऊ आहे का?" टिबेट्सबाईंनी विचारलं. "तोच तर प्रश्न आहे," रेनाटा म्हणाली. मग चित्रीकरणाचा फॉर्म निघाला. त्यात ट्रक कुठे उभे करणार त्याचा नकाशा, पहारेकऱ्यांची यादी, अग्निशमन अधिकाऱ्याची सही, आणि मुदत चार आठवडे.

"ट्रक नाहीत हो," रेनाटा काकुळतीला आली. "एक कॅमेरा आहे. कॅमेरामन त्याच्याच गाडीतून येतो." मागे लांब रांग लागली होती आणि दवाखान्यात दोनच्या रूट कॅनॉलला तिचं जाणं भाग होतं. डोळ्यांत पाणी आलं ते तिने जांभई आली असं दाखवून पुसलं.

टिबेट्सबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सरकारी खिडकीमागे बसलेल्या माणसालाही कधीतरी कलेसाठी काही करावंसं वाटतं. त्या पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "गल्लीची मेजवानी."

"काय?"

"गल्लीच्या मेजवानीची परवानगी मी इथल्या इथे देते. रस्ता बंद ठेवता येतो. आणि हे बघा, कलम सहा. 'सजावट करण्यास हरकत नाही.' " त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: सजावट, बर्फाची. शिक्का मारला. "फक्त प्रत्येक दाराला सूचना लावायची. तो नियम आहे."

सूचना छापील होती: 'शनिवारी सकाळी नऊपासून आपल्या गल्लीत मेजवानी! सर्वांनी यावे!' रेनाटाने प्रत्येक सूचनेखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'खरं म्हणजे चित्रीकरण आहे, कृपया घरातच थांबावे.' आता, मेजवानीच्या आमंत्रणाखालचं बारीक अक्षर आजवर कुणी वाचलंय?

शनिवारी उजाडताच क्रूपांनी कुणाचा तरी ट्रक आणून पहिली खेप ओतली. रेनाटा बघतच राहिली. बर्फ होता खरा, पण हॉकीच्या मैदानावर लाल आणि निळ्या रेघा असतात, त्या रेघाही तासल्या जातात. ढिगात जागोजागी गुलाबी आणि आकाशी डाग. मधोमध एक दातावर बसवायचं रबरी कवच. दाताच्या दवाखान्यातल्या बाईला ते ओळखायला वेळ लागला नाही. वरच्या दाढांचं, मोठ्या माणसाचं.

"काळजी नको," कॅमेरामन लू फेरांटे म्हणाला. लू टीव्हीच्या बातम्यांतून निवृत्त झालेला. आग, पूर, नगराध्यक्ष, सगळं टिपून झालेला माणूस. "रंग मी कॅमेऱ्यात घालवून टाकतो. आकाश तेवढं झाकून ठेव."

आकाश निळंशार होतं. पण ते लांबवर, आणि तिच्या हातात फावडं होतं. ग्लेन, लू आणि ती उपसत राहिले. क्रूपांनी सहा खेपा केल्या. रंगीत खाली, पांढरं वर, असं करत नऊच्या सुमाराला जेनीमावशीच्या पायरीपासून वळणापर्यंत मिल स्ट्रीट पांढरीशुभ्र झाली. रेनाटाने कॅमेऱ्यातून बघितलं. तीन महिने मनात होतं तेच समोर होतं. त्या क्षणी ती खरोखर सुखी होती. हे सुख चार मिनिटं टिकलं असं लूचं म्हणणं, ग्लेनच्या मते तीन.

कारण मग लोक आले. खुर्च्या घेऊन, शेगड्या घेऊन, सॉसेजची पातेली घेऊन. बॅनसबाईंनी पिरोगीचे, म्हणजे उकडलेल्या पोलिश करंज्यांचे, तीन ट्रे आणले, आंबवलेल्या कोबीचे वेगळे आणि बटाट्याचे वेगळे. बटाट्याच्या ट्रेकडे रेनाटाच्याने बघवेना. त्यांचे यजमान बॅनस अकॉर्डियन गळ्यात अडकवूनच आले. "काय सजावट केलीय गं!" लोक म्हणत होते आणि बर्फात बिअरच्या बाटल्या खोचत होते.

"पावलांचे ठसे!" रेनाटा ओरडत धावली. "रस्त्यावर पाऊल नको! तिथे फक्त एकीची पावलं उमटायचीत! काका, त्या बाटल्या काढा. कॅमेऱ्याच्या मागे चला सगळे. हा फार एकाकी प्रसंग आहे हो!"

"असं होय? मग आम्ही गप्प बसून बघतो," असं म्हणून चाळीसएक माणसं कॅमेऱ्यामागे दाटीवाटीने बसली आणि एकाकीपणाची वाट बघू लागली. बॅनसांनी मदत म्हणून हळू आवाजात काहीतरी करुण वाजवायला घेतलं. एवढ्यात टॅक्सीतून पट्रीशिया उतरली. डोक्यावर उन्हाची टोपी, हातात चाकांची बॅग. तिने बर्फ बघितला, अर्ध्या चड्ड्या बघितल्या, अकॉर्डियन बघितलं.

"परवानगी आहे ना?" तिने विचारलं.

रेनाटाने शिक्क्याचा कागद दाखवला. "आत्ता सुरू करतो. दहा मिनिटांत संपेल. मावशी आत तयार आहे."

"मग आमचं उद्याचं नक्की," पट्रीशिया म्हणाली. "सोमवारी घर विकणारा माणूस येतोय."

रेनाटाने हात वर केला. लूने डोळा कॅमेऱ्याला लावला. दार उघडणार, एवढ्यात वळणावरून घरघर ऐकू आली, पाठोपाठ नारिंगी दिवा फिरताना दिसला, आणि नगरपालिकेची बर्फ काढायची अजस्र पिवळी गाडी, पोलादी पातं खाली टेकवून, मिल स्ट्रीटवर शिरली.

रेनाटा दोन्ही हात पसरून तिच्यासमोर धावली. ड्रायव्हरला वाटलं बाई स्वागताला आली. त्याने भोंगा वाजवला, तिला वळसा घातला, आणि एका फेरीत उजवी बाजू साफ केली. दुसऱ्या फेरीत डावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं चोख काम या गल्लीत कुणी पाहिलंच नव्हतं. शेवटी त्याने मागच्या नळकांड्यातून मूठ-मूठ जाड मीठ फवारलं आणि गाडी थांबवून खाली उतरला. त्याच्या शर्टावर ड्वेन असं लिहिलेलं होतं.

"कुणी… कुणी सांगितलं तुम्हाला?" रेनाटाने विचारलं.

"वा! एकोणीस वर्षं या गल्लीतून तक्रारी. गाडी येत नाही, गाडी येत नाही. तीन आठवडे मला काम नव्हतं. तक्रार आली, चाळीस मिनिटांत हजर झालो. तरी तुमचं आपलं 'कुणी सांगितलं'!" ड्वेनच्या मनाला फार लागलं होतं. त्याने खिशातून कागद काढून तिच्यापुढे धरला. "हे बघा. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. 'म्हाताऱ्या बाईला दाराबाहेर पडता येत नाही.' एक्केचाळीस, मिल स्ट्रीट."

एक्केचाळीस नंबर म्हणजे समोरचंच दार. ते अजून बंद होतं.

कागद कुणी बघायच्या आत रेनाटाने घडी घालून ड्वेनच्या हातात परत दिला, आणि बॅनसबाईंना म्हणाली, "यांना सॉसेज द्या." मग ती पायऱ्या चढून आत गेली.

जेनीमावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. प्रसंगाचे कपडे घालून. काळा कोट, लोकरीची टोपी, पायाशी बॅग. तिने रेनाटाकडे बघितलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"फोन मीच केला," ती म्हणाली.

"मावशी, पण का?"

"नऊ वाजता खिडकीतून बघितलं तर सगळं पांढरं. तू आणि ग्लेन उपसत होता. किती छान केलं होतंस गं. आणि माझ्या मनात आलं, झालं. आता जावंच लागणार." ती टोपीचा गोंडा कुरवाळत राहिली. "पॅट म्हणाली होती, चित्रपट संपेपर्यंत. मग तो न संपलेला बरा, असं वाटलं."

रेनाटा समोरच्या खुर्चीत बसली. "जानेवारीतली सर्दी?"

"नव्हती."

"गुडघा?"

"गुडघा होता. पण तो काय, माझं लग्न झालं तेव्हापासून आहे."

"काकांची पुण्यतिथी?"

"सप्टेंबरात," जेनीमावशी म्हणाली, आणि ओशाळून खिडकीकडे बघू लागली.

आपल्याला राग यायला हवा, हे रेनाटाला कळत होतं. तीन महिने, बारा डबे, सहा खेपा, टिबेट्सबाई. आयुष्यात एका महोत्सवाने आपण होऊन 'आवडला' म्हटलं होतं. ती रागाची वाट बघत बसली. पण आत दुसरंच काहीतरी हललं, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. तिला आठवलं, जानेवारीत मावशीचा सर्दीचा फोन आला तेव्हा आपण "अरेरे" म्हणालो होतो, आणि फोन ठेवल्यावर पोटातली कळ थांबली होती. चित्रपट पुरा झाला की लोक तो बघणार. मग परत नऊजण, त्यांतले चार जागा धरून बसलेले. अपुरा होता तोवर त्याला कुणी वाईट म्हणू शकत नव्हतं.

"ऊठ," जेनीमावशी एकदम म्हणाली. तिने टोपी घातली, बॅग उचलली. "क्रूपा बाहेर ओरडतोय, अजून दोन खेपा आणतो म्हणून. आणू दे. तेवढ्यावर चालते मी. तुझं नुकसान करून मी इथे राहायची नाही. मान खाली घालून राहायला मला आयुष्यात जमलेलं नाही."

ती खरंच दाराकडे निघाली. आणि गंमत अशी, की तेव्हा तिचा चेहरा इतका बरोबर होता, इतका हवा होता तसा, की रेनाटातल्या दिग्दर्शकाच्या हाताला कॅमेऱ्यासाठी खाज सुटली. बाहेर लू होता. दोन खेपा, एक तास. वीस तारखेच्या आत सगळं पोचलं असतं.

दारात पट्रीशिया उभी होती. "झालं का?"

"नाही," रेनाटा म्हणाली.

"मग दुपारी करा. ते गृहस्थ म्हणतायत की अजून बर्फ…"

"तो नाही चालत." रेनाटाला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "तो कॅमेऱ्यात निळा दिसतो. मला खरा पाहिजे. आकाशातून पडलेला."

"तो कधी पडणार?"

तिघींनी खिडकीतून बाहेर बघितलं. क्रूपांनी शर्टही काढला होता.

"डिसेंबर," रेनाटा म्हणाली. "लवकर पडला तर नोव्हेंबर."

पट्रीशियाने खांद्यावरची पिशवी उघडली आणि करारपत्र काढलं. ती ते बरोबर घेऊन फिरत होती. उभ्यानेच तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"यात तारीखच नाही," ती शेवटी म्हणाली. "असं करारपत्र मी बँकेत एक मिनिट चालू दिलं नसतं."

"माझं पहिलंच होतं," रेनाटा म्हणाली.

पट्रीशियाने आईकडे बघितलं. कोट, टोपी, बॅगेच्या मुठीवर आवळलेली बोटं. बँकेत दिवसभर लोकांची लपवाछपवी पकडणारी बाई ती, तिला काय कळायचं राहिलं असेल असं नाही. तिने कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली.

"मी तुझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय, आई," ती म्हणाली. नियमाच्या बाईचा आवाज नव्हता तो.

"कुठला रंग?"

"पिवळा. फिकट."

"पिवळा मला आवडतो," जेनीमावशी म्हणाली. तिने बॅग खाली ठेवली आणि लेकीचा हात धरला. "जपून ठेव. हिवाळ्यात येऊन बघते. आता पिरोगी खायला चल, सकाळपासून उपाशी असशील."

बाहेर रेनाटाने चित्रीकरण रद्द म्हणून जाहीर केलं. कुणाचंच काही बिघडलं नाही. ड्वेन तिसरं सॉसेज खात होता. लूने कॅमेरा पेटीत ठेवता ठेवता तिच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाला, "एकतीस वर्षं या धंद्यात काढली, पण काम फसल्यावर एवढा बरा चेहरा झालेला दिग्दर्शक मी पाहिला नाही. तब्येत ठीक आहे ना?" तब्येत ठीक नव्हती. पण निभणार होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने महोत्सवाच्या बाईंना फोन केला. बाई समंजस होत्या. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी जरूर पाठवा, पण शब्द देता येत नाही, समिती बदलते, आवडी बदलतात. रेनाटा "हो, हो" म्हणाली, फोन ठेवला, आणि दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं पाठमोरी उभी राहिली. मग दीडचे रोगी आले.

मंगळवारी संध्याकाळी ती आणि ग्लेन जेवत असताना दार वाजलं. जेनीमावशी होती. काखेत चित्रपटाची संहिता, सत्त्याऐंशी पानं. प्रत्येक पानावर बेकरीतल्यासारख्या ठसठशीत अक्षरात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं.

"आता वेळ आहेच आपल्याला," ती खुर्चीत बसत म्हणाली, "म्हणून म्हटलं नीट वाचावं. रागावू नकोस हं. तिसऱ्या प्रसंगात मी बशी फोडते आणि रडते. मी उभ्या जन्मात बशी फोडलेली नाही. फुटलीच तर मी झाडू घेईन. बाराव्यात मी नवऱ्याच्या फोटोशी बोलते. जिवंत होता तेव्हा मला बोलू देत नव्हता, आता मी कशाला बोलू? तो प्रसंग काढ. बेकरीचा घाल. आणि शेवट."

"शेवटाचं काय?" रेनाटाने विचारलं.

"ही बाई जातेच कशाला? मी सगळं वाचलं, दोनदा वाचलं. कुठेही कारण दिलेलं नाहीस."

ग्लेनने काटा खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. रेनाटाने तोंड उघडलं. कारण होतं. तीन वर्षांपूर्वी लिहिताना अगदी पक्कं होतं. तिने ते आठवून पाहिलं. मग तिने आपलं ताट बाजूला सरकवलं, संहिता पुढे ओढली, आणि खणात पेन्सिल शोधू लागली.